सासूबाईंच्या कवळीला कोटिंग करून घ्यावं का?

पत्र : माझ्या सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत, त्यांना मधुमेह आहे. चार वर्षांपूर्वी त्यांना वरची-खालची पूर्ण कवळी बसवली. गेल्या पावसाळ्यात वरची कवळी धुताना बेसिनमध्ये पडून मधोमध फुटली, ती जोडून आणली. आता जोडलेल्या जागी तपकिरी पट्टा दिसतो आणि कितीही घासला तरी जात नाही. कवळीला वास येतो. दिवसातून चार-पाच वेळा चहा होतो, मिश्री अजून पुरती सुटलेली नाही. रात्रीही कवळी तोंडातच असते, कारण नातवंडांसमोर बोळक्या तोंडानं बसायची त्यांना लाज वाटते. टाळू लाल झालाय, पण दुखत नाही म्हणतात. आमच्या डॉक्टरांनी कवळी पॉलिश करून वर संरक्षक कोटिंग करायचं सुचवलंय, त्याचे पैसे वेगळे. दीर म्हणतात, हे म्हणजे पारदर्शक नेलपॉलिशच, घरीच लावून टाकू. काय करावं?
– एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर :

ताई, सगळ्यात आधी दिरांना थांबवा. नेलपॉलिश कवळीला लावायचं नाही. त्यातली एथिल ॲसिटेट, ब्यूटिल ॲसिटेट ही द्रावकं नेमकी त्याच प्लास्टिकला खातात ज्याची कवळी बनलेली असते. वरून चकचकीत दिसतं आणि खाली केसासारख्या बारीक भेगा पडायला लागतात. मग कुणीतरी ते काढायला रिमूव्हर आणतं, आणि त्यातल्या ॲसिटोननं तर कवळीचा पृष्ठभाग सरळ विरघळतो. लाकडाचं वॉर्निशही नको. तोंडात चोवीस तास लाळेत भिजणारी, गिळण्या-चावण्यात झिजणारी वस्तू आहे ही. जे झिजेल ते पोटात जाणार.

दिरांचा अंदाज एका बाबतीत बरोबर आहे. दवाखान्यातलं कोटिंग हाही पारदर्शक रेझिनचा पातळ थरच असतो. फरक आहे तो कशाचा थर, कशावर आणि कसा पक्का केला याचा. ते नीट कळलं की तुमच्या बाकीच्या प्रश्नांची उत्तरं आपोआप लागतील, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कवळीचं गुलाबी प्लास्टिक म्हणजे पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट. दवाखान्यात आम्ही त्याला नुसतं ॲक्रिलिक म्हणतो. १९३० च्या दशकाच्या अखेरीस ते दंतवैद्यकात आलं. त्याआधी कवळ्या व्हल्कनाइट नावाच्या कडक रबराच्या असत. ॲक्रिलिक हिरडीच्या रंगाचं करता येतं, हलकं असतं, फुटलं तर जोडता येतं, आणि परवडतं. म्हणून इतकी वर्षं ते टिकून आहे. पण त्याच्या दोन उणिवा पहिल्या दिवसापासून आहेत. एक, ते मऊ आहे. कडकपणा मोजायची नूप नावाची पद्धत आहे. तिच्यात दाताच्या वरच्या कवचाचा आकडा साडेतीनशेच्या आसपास येतो आणि ॲक्रिलिकचा जेमतेम विसाच्या. खऱ्या दातावर जी टूथपेस्ट चालते तिच्यातले घासणारे कण कवळीवर चरे पाडतात ते यामुळे. दोन, ते हळूहळू पाणी शोषतं. पाण्याबरोबर चहातला, हळदीतला, तंबाखूतला रंग त्या चऱ्यांत आणि बारीक छिद्रांत शिरतो आणि मुक्काम ठोकतो.

आता तो तपकिरी पट्टा. पहिली कवळी बनवताना पावडर आणि द्रव कालवून तयार झालेला गोळा साच्यात भरतात आणि गरम पाण्यात शिजवतात. जुनी, सावकाश पद्धत म्हणजे साधारण ७४ अंश सेल्सिअसवर आठ-नऊ तास. घाई करून एकदम उकळवलं तर आतला द्रवच उकळतो, कारण त्याचा उत्कलनबिंदू १०० अंशांच्या जवळपास आहे, आणि प्लास्टिकच्या पोटात बुडबुडे अडकतात. असं उष्णतेनं शिजवून घट्ट करण्याला हीट-क्योर म्हणतात. दुरुस्ती मात्र बहुतेक वेळा सेल्फ-क्योर ॲक्रिलिकनं होते. ते खोलीच्या तापमानाला काही मिनिटांत घट्ट होतं, म्हणून तुम्हाला कवळी लवकर परत मिळते. पण त्यात न जुळलेला द्रव जास्त उरतो, छिद्रंही जास्त राहतात. त्यामुळे जोडलेला पट्टा बाकीच्या कवळीच्या आधी रंग धरतो. यात जोडणाऱ्याची चूक असेलच असं नाही, त्या सामग्रीचा स्वभावच तसा आहे. आणि म्हणूनच तो ब्रशनं जात नाही. रंग वर बसलेला नाही, आत मुरलेला आहे.

एक काम करा. कवळी धुवा, मऊ कापडानं टिपून घ्या आणि खिडकीपाशी उजेडात तिरकी धरून बघा. ओली असताना सगळीच कवळी चमकते, कोरडी झाली की खरं रूप दिसतं. जिथे चमक मरून भुरकट झालंय तिथे चरे आहेत. दातांच्या मुळाशी, जिथे गुलाबी भाग सुरू होतो त्या खाचांमध्ये, पिवळट कडक कीट दिसेल. नख लावून बघा, खरखर लागेल. मग कवळी उलटी करा. टाळूला टेकणाऱ्या बाजूवर बोट फिरवलंत आणि बुळबुळीत लागलं, तर तुमच्या वासाचा उगम तिथे आहे. ही आतली बाजू कधीच चकचकीत नसते. हिरडीचा माप जसाच्या तसा त्यावर उतरलेला असतो. घासून गुळगुळीत करायला गेलं तर तो माप बिघडतो आणि कवळी हलायला लागते. म्हणून ती बाजू खडबडीतच ठेवावी लागते. आणि कँडिडा नावाच्या बुरशीला राहायला हीच जागा आवडते.

सासूबाईंच्या लाल टाळूकडे मला तुमचं सगळ्यात जास्त लक्ष वेधायचंय. कोटिंगचं नंतर बघू. कवळीखालचा टाळू लाल होणं आणि तरी न दुखणं, हे कवळीमुळे होणाऱ्या तोंडाच्या दाहाचं अगदी नेहमीचं चित्र आहे. रात्रंदिवस कवळी, कवळीवरचा बुरशीचा थर, वर मधुमेह: तीनही गोष्टी तुमच्या पत्रात आहेत. दम्याचा पंप वापरणाऱ्यांना आणि तोंड कोरडं पडणाऱ्यांनाही हे होतं. पण मिश्री चालू आहे, त्यामुळे मी इथे बसून 'बुरशीच आहे' असं म्हणणार नाही. तंबाखू लावणाऱ्या माणसाच्या तोंडातला लाल किंवा पांढरा चट्टा दंतवैद्यानं डोळ्यांनी आणि बोटानं तपासलाच पाहिजे. कवळी रात्री काढून, स्वच्छ ठेवून आणि औषध घेऊन दोन आठवड्यांत तो मावळला नाही तर पुढची तपासणी टाळू नका.

औषधाबद्दल एक सूचना. अशा वेळी डॉक्टर बुरशीवरचं औषध टाळूला आणि कवळीच्या आतल्या बाजूला लावायला देतात. सासूबाई रक्त पातळ करणारी वॉरफरिनची गोळी घेत असतील तर ते आधी सांगा. बुरशीवरच्या मायकोनाझोल या औषधाचं जेल तोंडात लावलं तरी वॉरफरिनचा परिणाम वाढवतं आणि रक्तस्राव होऊ शकतो. दुकानातून स्वतःच्या मनानं जेल आणू नका.

हे सगळं तसंच ठेवून वरून कोटिंग केलं तर ते ओल आलेल्या भिंतीवर रंग मारण्यासारखं होईल.

आता कोटिंगकडे येते. बाजारात ॲक्रिलिकसाठी बनवलेली, प्रकाशानं घट्ट होणारी कोटिंग मिळतात. पालासील, ऑप्टिग्लेझ ही त्यातली दोन नावं तुमच्या डॉक्टरांच्या तोंडी येऊ शकतील. काहींमध्ये सिलिकाचे अतिसूक्ष्म कण घातलेले असतात, त्यानं थर जास्त चिवट होतो. या द्रवात कवळीच्याच जातीची रसायनं असतात, म्हणून तो ॲक्रिलिकचा वरचा पापुद्रा किंचित फुगवून त्यात शिरतो आणि प्रकाश पडला की तिथेच आवळून बसतो. नेलपॉलिश नुसतं वर वाळतं. खरा फरक हा.

पण हे पकडून बसणं पूर्णपणे खालच्या तयारीवर अवलंबून असतं. चांगल्या लॅबमध्ये हे काम बघितलंत तर कोटिंग लावायला लागणारा वेळ अगदी थोडा, बाकी सगळा वेळ तयारीचा. आधी कीट काढायचं. मग चरे पडलेला भाग घासून सपाट करायचा, प्युमिस नावाच्या दगडाच्या भुकटीनं पॉलिश करायचं. मग पॉलिशचा मेणचट अंश, बोटांचं तेल, लाळ, सगळं उतरवायचं. जुनी कवळी वर्षानुवर्षं पाण्यात राहिलेली असते, तिचा पृष्ठभाग कोरडा करून घ्यायचा. त्यानंतर ब्रशनं एकाच दिशेनं पातळ हात, दातांच्या फटीत द्रव साचू न देता. आणि मग त्या कोटिंगला लागणाऱ्या तरंगलांबीचा प्रकाश देणाऱ्या पेटीत, सांगितली तेवढी मिनिटं. दातात सिमेंट भरताना वापरतात तो हातातला निळा दिवा प्रत्येक कोटिंगला पुरत नाही. अर्धवट पक्कं झालेलं कोटिंग बोटाला चिकट लागतं, त्याला वास येतो, आणि न जुळलेलं रसायन तोंडात सुटून जीभ-गाल चुरचुरतात. कवळी हातात आल्यावर आधी हुंगून आणि बोट लावून बघा. चिकट असेल तर तिथल्या तिथे परत करा.

त्याचा उपयोग काय, हेही स्पष्ट सांगते. पृष्ठभागाचा खडबडीतपणा सरासरी ०.२ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) खाली गेला की त्यापुढे आणखी गुळगुळीत करून जंतू चिकटण्यात फारसा फरक पडत नाही, असं दंतशास्त्रात मानलं जातं. प्युमिस आणि बफ (पॉलिशचं कापडी चाक) वापरून मन लावून पॉलिश केलं तर कवळीची बाहेरची बाजू त्या टप्प्यापर्यंत नेता येते. म्हणजे नीट पॉलिश केलेल्या नव्या हीट-क्योर कवळीला कोटिंगचा फायदा थोडाच. जिथे पॉलिशचं चाक पोचत नाही, म्हणजे दातांच्या मधल्या खाचा, आणि जिथे सामग्रीच सच्छिद्र आहे, म्हणजे तुमचा जोडलेला पट्टा, तिथे मात्र कोटिंग खरंच कामाचं आहे. ते छिद्रांची तोंडं बंद करतं, रंग आणि पाणी आत जायचा वेग कमी करतं. प्रयोगशाळेतल्या तुकड्यांवर कँडिडा कमी चिकटल्याचं अनेक अभ्यासांत दिसलंय. काहींत मात्र फरक दिसला नाही. एकदा लाळ लागली की काही मिनिटांत कुठल्याही पृष्ठभागावर प्रथिनांचा पापुद्रा बसतो, आणि जंतूंची गाठ त्या पापुद्र्याशी पडते. माणसाच्या तोंडात दीर्घकाळ वापरून केलेले अभ्यास अजून थोडे आहेत. त्यामुळे 'हे लावलं की कवळी घासायलाच नको' असं कुणी म्हणालं तर त्यांच्यावर विश्वास ठेवू नका.

जपानमध्ये एमपीसी नावाचं पॉलिमर विकसित झालंय. त्याची रचना आपल्या पेशींच्या आवरणासारखी असल्यानं प्रथिनंच त्याला नीट चिकटत नाहीत. कृत्रिम सांध्यांवर ते वापरात आहे, कवळ्यांवरही अभ्यास झालेत. मला या दिशेकडून फार आशा आहे, कारण त्या लाळेच्या पापुद्र्यालाच अडवण्याची ही वाट आहे. पण सांगलीत बसून आज तुम्हाला जे मिळणार आहे ते प्रकाशानं पक्कं होणारं साधं कोटिंगच, तेव्हा त्याचाच विचार करू.

तर, तुमच्या सासूबाईंसाठी माझं मत असं. आज रात्रीपासून कवळी बाहेर. टाळूचे उपचार सुरू. टाळू निवला की डॉक्टरांना कवळी तोंडात घालून हलते का ते बघायला सांगा. हलत असेल, बोलताना सुटत असेल, तर कोटिंगवर एक रुपयाही घालू नका. तिला आतून रिलाइन करावं लागेल, म्हणजे आतल्या बाजूला नवा थर देऊन ती हिरडीवर पुन्हा नीट बसवावी लागेल, किंवा नवी करावी लागेल. घट्ट बसत असेल तर जोडलेला तपकिरी भाग थोडा खरवडून काढून तिथे नवं ॲक्रिलिक भरायला सांगा, कारण रंग आत मुरलेला आहे आणि त्यावर पारदर्शक थर दिला तर तो पट्टा काचेतून दिसावा तसा दिसत राहील. मग पॉलिश, आणि मग बाहेरच्या बाजूला कोटिंग. या क्रमानं होणार असेल तर डॉक्टरांनी सुचवलेलं योग्य आहे, जरूर करा.

आतल्या, टाळूला टेकणाऱ्या बाजूला कोटिंग नको, निदान सध्या नको. टाळूला आधीच दाह आहे, तिथे नवं रसायन चोवीस तास टेकवून ठेवायचं कारण नाही. शिवाय थर कुठे जाड बसला तर कवळीचं टेकणं बदलतं.

डॉक्टरांना विचारायला संकोचू नका. कोटिंगचं नाव काय, बाटलीवरची मुदत संपलेली नाही ना, लॅबमध्ये त्याच्यासाठीची प्रकाशपेटी आहे का, आणि किती दिवसांनी परत लावावं लागेल. शेवटच्या प्रश्नाला 'कायमचं आहे' असं उत्तर आलं तर समजा की त्यांना त्या वस्तूची नीट माहिती नाही. हा थर ब्रशनं आणि चावण्यानं झिजतो. चावायच्या पृष्ठभागावरून तो सगळ्यात आधी जातो. दर सहा महिन्यांनी कवळी दाखवायला नेलीत तर झिजलेला भाग त्यांना दिसेल. कडेला पापुद्रा सुटलेला दिसला तर घरी खरवडू नका, त्याच्याखाली कीट साचतं. पूर्ण उतरवून पुन्हा लावून घ्या.

घासायचं कसं, तर मऊ ब्रश आणि भांडी किंवा हात धुवायचा साधा पातळ साबण. टूथपेस्ट, दंतमंजन, राखुंडी, मीठ, खायचा सोडा यांतलं काही नको. चव जाईपर्यंत धुवायचं. बेसिनमध्ये खाली ओला टॉवेल अंथरा किंवा बेसिन अर्धं पाण्यानं भरून घ्या, म्हणजे हातातून निसटली तरी फुटणार नाही. उकळतं पाणी कधीही नको, कवळी पांढरी पडते आणि वाकते. औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या फसफसणाऱ्या गोळ्या चालतील, कोमट पाण्यात, पाकिटावर लिहिलेल्या वेळेपुरत्या. त्या ब्रशच्या जोडीनं वापरायच्या, ब्रशच्या बदल्यात नाही. रात्री कवळी पाण्यात बुडवून ठेवायची. कोरडी पडली की ती किंचित आक्रसते.

मिश्रीनं होतं काय, तर ती एकाच वेळी घासते आणि रंगवते. सासूबाईंनी कवळी घातलेली असताना मिश्री लावली तर कुठलंही कोटिंग लवकर उतरेल. पण मिश्री सोडायचं कारण कवळी नाही, तोंडाचा कर्करोग आहे. रागावून सांगितलंत तर त्या चोरून लावतील. डॉक्टरांकडून, त्यांच्या टाळूला आरसा दाखवून सांगितलं तर बहुतेकदा जास्त पोचतं.

राहिली लाजेची गोष्ट. ती खरी आहे, तिला हसू नका आणि नातवंडांनाही हसू देऊ नका. दिवा मालवल्यावर, अंथरुणात गेल्यावर कवळी काढायची आणि उशाशी झाकणाच्या डब्यात ठेवायची. सकाळी चूळ भरून, कवळी घालूनच खोलीबाहेर यायचं. कुणाला दिसायचा प्रश्नच येत नाही. हिरड्यांना सहा-आठ तास मोकळे मिळाले पाहिजेत. त्यांना हेही सांगा की जपानमध्ये ८५ वर्षांच्या पुढच्या वृद्धांवर झालेल्या एका अभ्यासात, कवळी घालून झोपणाऱ्यांमध्ये न्यूमोनियाचा धोका दुपटीहून अधिक आढळला होता. मधुमेह असलेल्या माणसानं तर हे मनावर घ्यायलाच हवं.

आणि पुढेमागे नवी कवळी करायची वेळ आली, तर ती हीट-क्योरचीच असेल एवढं विचारून घ्या. साधारण पाच ते सात वर्षांत हिरड्या इतक्या झिजतात की कवळी बदलावी लागते, म्हणजे तो प्रश्न तुमच्यापुढे फार लांब नाही. खर्च जड वाटला तर मुंबई, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात कृत्रिम दात बसवण्याचा स्वतंत्र विभाग आहे. तिथे फेऱ्या जास्त पडतात, पण विद्यार्थ्यांचं काम प्राध्यापकांच्या नजरेखाली होतं आणि खर्च बराच कमी येतो. जाताना सासूबाईंची जुनी कवळी आणि मधुमेहाचे अलीकडचे रिपोर्ट बरोबर न्या.